शेवटच्या तासाच्या सतरा विहिरी

हम्मूच्या पोटात दुखत होतं आणि त्याचा रोज्याशी काही संबंध नव्हता. वाळवंटाकाठच्या एर्राशिदिया शहराच्या पाणी कार्यालयात वीस वर्षं त्याने खांद्यावरून जीपीएसचं यंत्र वाहिलं. गेल्या हिवाळ्यात गुडघा गेला, साहेबांनी त्याला संगणकापुढे बसवलं आणि यंत्र दिलं घिझलानला. सव्वीस वर्षांची पोर, आयत्या बिळावर नागोबा! आता साहेबांच्या, म्हणजे सी लारबींच्या (तिकडे नावाआधी अदबीने 'सी' लावतात) तोंडी उठताबसता तिचंच नाव.

तेही त्याने गिळलं असतं. पण ईदनंतर जोर्फच्या जमिनीखालच्या पाटांची मोजणी निघायची होती आणि तिचा प्रमुख कोण, ते उद्या ठरणार होतं. जोर्फ हम्मूचं गाव. त्या पाटांचा गाळ उपसण्यात त्याच्या बापाचं आयुष्य गेलेलं. ही एक मोजणी तरी त्याला स्वतःची हवी होती.

सध्या घिझलान दुसऱ्या एका गावच्या अशाच पाटावर, गाळ उपसायला खणलेल्या विहिरींच्या जागा मोजून फायली आणायची. कार्यालयाच्या छतावर कायमच्या बसवलेल्या यंत्राने त्याच तासांत नोंदवलेल्या फायलींशी त्या जोडून हम्मू दुरुस्त करायचा, तेव्हा कुठे विहिरीची जागा बोटाच्या पेरापर्यंत नेमकी मिळायची. त्या सकाळी चार दिवसांचं काम त्याने एकदम जोडलं आणि सतरा विहिरी पडद्यावर लाल पडल्या, म्हणजे जुळल्याच नाहीत. दर दिवशीच्या फक्त शेवटच्या तासातल्या.

हम्मूच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"फायली खराब आहेत," त्याने साहेबांना सांगितलं, मुद्दाम तिच्यासमोर. "उपाशीपोटी ऊन सोसवत नाही हो, सी लारबी. शेवटी शेवटी घाई होते, फाइल बंद न करता यंत्रच बंद करतात. आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

"मी एकेक फाइल नीट बंद केली होती, सी हम्मू," घिझलान म्हणाली.

"मग काय, संगणक खोटं बोलतोय, पोरी?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. "जा, सतरा परत मोजून आण." ती गेली.

अकराच्या सुमाराला शिपाई बासू खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे करू लागला. "अर्धा रमजान सरला तरी हे तासभर पुढेच! रोज कुणीतरी विचारतं, सुटायची वेळ झाली का म्हणून."

हम्मूने छतावरच्या यंत्राच्या फायलींची यादी पुन्हा उघडली. त्या फायलींवर जगाची वेळ असते, सगळ्या देशांना एकच. आपल्या घड्याळातून एक तास वजा केला की ती मिळते, आणि त्याने सवयीने तेच केलं होतं. पण रमजानात अख्खा देश घड्याळ तासभर मागे घेऊन जगाच्या वेळेवरच येतो, वजा करायला काही उरतच नाही. मागच्या रमजानात तो उन्हात होता, हे काम दुसरं कुणी करायचं. दर दिवशी त्याने छतावरचे तास एकाने आधीचे उचलले होते आणि शेवटच्या तासाला जोडीच मिळाली नव्हती.

त्याने योग्य तास घेतले. पाच मिनिटांत सतराच्या सतरा हिरव्या. त्याच्या उमेदीतही इतकं स्वच्छ काम क्वचितच आलं होतं, आणि हे पाहून त्याचा आणखीच जळफळाट झाला.

तिला कळवायला त्याने फोन उचलला. ती परत येईल, साहेब हसतील आणि जोर्फ जाईल. नव्या फायली तर येणारच आहेत, कुणाला काय कळतंय? त्याने फोन पालथा ठेवला.

तीन वाजता ती आली. ओठांना भेगा, पापण्यांवर धूळ. यंत्र टेबलावर ठेवून ती साहेबांना म्हणाली, "चूक माझीच झाली असणार. जोर्फला सी हम्मूंनाच प्रमुख करा. मी त्यांच्या हाताखाली जाईन, मला अजून शिकायचंय."

"मला पटतंय," साहेब म्हणाले.

हवं ते ताटात वाढून आलं होतं. मोठं मन दाखवणं, हेही तिलाच जमावं! हम्मूला तिचा तेवढ्यातही हेवा वाटला.

"फायली चांगल्या होत्या," तो म्हणाला. "रमजानचा तास मी चुकवला."

घिझलानने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' हा शब्द जिभेवर तयार होता.

"अकरा वाजता."

तिने पापण्यांवरची धूळ पुसली. "अकराला," ती म्हणाली, "माझ्या दोनच विहिरी झाल्या होत्या."