पाकाने खाल्लेला अंगठा

कामगार अधिकारी कृष्णदेवने तुलसीरामचा अंगठा शाईवर दाबला, कोऱ्या कागदावर टेकवला आणि उचलला. कागदावर नुसता निळा डाग उमटला.

"पुन्हा एकदा, काका."

दुसऱ्यांदाही तेच. क्युरपिप गावच्या कामगार कचेरीत पावसामुळे भरदुपारी दिवा लावलेला होता. कृष्णदेवने तो जवळ ओढला.

"रेषा कुठं गेल्या?"

"पाकानं खाल्ल्या, मिसिए." तुलसीराम साहेबाकडे बघून ओशाळून हसला. "वयाच्या तिसाव्या सालापासून कढईवर आहे. गरम पाक बोटांत घोळून बघायचा. साखरेचा दाणा धरला असं मी सांगितलं की मग कढई रिकामी करायची."

"म्हणजे चोरी केलीत तरी पोलिसांना सापडणार नाही तुम्ही!"

दोन साखर कारखाने एक झाले, तेव्हा नव्या मॅनेजरने तुलसीरामला कढईवरून काढून गोण्यांची तोंडे शिवायला बसवले होते. कामगाराच्या संमतीशिवाय त्याला असे खालच्या कामावर घालता येत नाही, असे कुणीतरी सांगितले म्हणून तो इथे आला. कंपनीने मात्र संमतीचाच कागद पाठवला, खाली अंगठा असलेला. आपण अंगठा दिलेला नाही, एवढेच तो तीन आठवडे सांगत होता, आणि ते खरे होते.

कृष्णदेवने कंपनीचा कागद शेजारी ठेवला. त्यावर रेष न् रेष उमटली होती.

"काका, जिंकलात तुम्ही. हा तुमचा असूच शकत नाही. ज्यानं उठवला तो तुरुंगात जाईल, आणि तुम्ही परत कढईवर. हे बघा, ह्याच्यावर तर तिरपा वणही आहे."

तुलसीराम वाकला. वण खालच्या कोपऱ्यातून वर नखाच्या बाजूला गेला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ऊस तोडताना त्याच्या बायकोला, कुंतीला, अंगठ्यावर असाच कोयता लागला, तेव्हा त्यावर फडके त्यानेच बांधले होते.

तुलसीराम कामावर असताना कंपनीचा माणूस घरी येऊन गेला असेल. राहते घर कंपनीचे होते. ते खाली करावे लागेल, असे काहीतरी बोलला असेल. ह्या तीन आठवड्यांत घरात कुंती त्याविषयी एक अक्षर बोलली नव्हती.

त्याने अंगठा विजारीला पुसला. शाई निघेना.

"माझाच आहे," तो म्हणाला.

"काय बोलता, काका?"

"इसरलो होतो. माझाच."

कृष्णदेवने दोन्ही कागद एकावर एक ठेवले.

तुलसीराम घरी पोचला तेव्हा कुंती दारातच होती.

"काय म्हणाले कचेरीत?"

"गोण्याच शिवायच्या."

ती आत जाऊन चहाचा पेला घेऊन आली. कढत पेला धरावा तसा अंगठ्याभोवती पदर गुंडाळलेला होता.

तुलसीरामने पेला घेतला. चहा केव्हाच निवला होता.