‘इतर’चा रकाना

अध्यक्षांनी हिरव्या शाईने ‘इतर’ या शब्दावर आडवी रेघ ओढली आणि मसुदा तिच्यापुढे सरकवला.

“सात रकाने पुष्कळ झाले, ताई. धमकी, फसवणूक, बदनामी, सगळं आलं त्यात. हा आठवा ठेवला, तर लोक वाट्टेल ते खरडत बसतील.”

शहराच्या ऑनलाइन तक्रारींचे नियम ठरवणारी ही शेवटची बैठक. अर्ज आज मंजूर झाला की विषय संपला. समितीतल्या पाच जणांत या कामाचा अनुभव तेवढा तिलाच. एका कंपनीत अकरा वर्षं तिने लोकांच्या तक्रारी वाचल्या होत्या, कुठली पोस्ट काढायची नि कुठली ठेवायची ते ठरवलं होतं. म्हणून तर तिला बोलावलं. बोलावलं खरं, पण तिचं ऐकून घ्यायची कुणाला फारशी घाई नव्हती.

तिला तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आठवली. पडदे कायम ओढलेले, आत बारा जण, आणि त्यांतली एक वयाने थोरली म्हणून सगळ्यांची मावशी. मावशी सकाळी आली की चपला टेबलाखाली ढकलायची आणि आधी ‘इतर’ उघडायची. सगळे तिची टर उडवायचे, कारण त्यात निम्मा कचरा. कुणी पासवर्ड विसरलेला, कुणाला शेजाऱ्याचं कुत्रं छळतंय. मावशी ढिम्म.

“अगं, काय झालंय ते ज्याला सांगता येतं, तो आपल्या रकान्यात जातोच. ज्याला सांगता येत नाही, त्याने जावं कुठे?”

पुढे ते ऑफिस बंद पडलं, बारा जण बारा वाटांना लागले. मावशीचा नंबरही आता लागत नाही. दिवसभर नको नको ते वाचायचं काम, तरी त्या खोलीसाठी तिचा जीव अजून तुटायचा.

“एक करू या,” ती म्हणाली. “जुना, आठ रकान्यांचा अर्ज तुम्हीच भरून बघा. घरात, ओळखीत खरंच घडलेलं काहीतरी. नाव नको.”

“परीक्षाच घेताय की आमची,” वकीलबाई हसल्या. पण चौघांनीही भरला.

दोन कागद फसवणुकीचे निघाले, एक बदनामीचा. चौथ्यावर सातही रकाने कोरे होते. आठव्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘नात दोन महिने फोनला हात लावत नाही. धड जेवत नाही. विचारलं की दार लावून घेते. काय झालंय, कळत नाही.’

शाई हिरवी होती.

“वाचा की मोठ्याने,” वकीलबाई म्हणाल्या.

“नको. नीट भरलेत सगळ्यांनी.” तिने चौथा कागद घडी करून वहीत ठेवला.

अध्यक्षांनी मसुदा परत ओढून घेतला. रेघ काही पुसली जाईना, तेव्हा त्यांनी यादीच्या तळाशी तो शब्द नव्याने लिहिला.

“हे वाचणार कोण पण, ताई?”

“मी वाचेन,” ती म्हणाली. “सकाळी आल्या आल्या, सगळ्यांत आधी.”

आणि तिने चपला टेबलाखाली ढकलल्या.