थांब म्हटलं की थांबणारा झरा

महिन्यापूर्वी टेकडीवरच्या कोरड्या खडकातून पाणी वाहू लागलं आणि तेव्हापासून सारं शहर रोज बाटल्या घेऊन चढावर लोटू लागलं. खडकाला टेकून गादीवर बसलेले झरेबाबा घसा ताणून सांगत होते, "सात पाताळं फोडून आलंय हे! एक घोट घ्या, दुखणं पळालंच म्हणून समजा!"

आज रांगेत सगळ्यांत पुढे इंजिनीअरबाईंच्या सासूबाई. बाई पायथ्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रमुख. शहर त्यांना लाडानं गटारबाई म्हणे. केंद्रातलं पाणी रोज तपासलं जाई, पिण्याइतकं शुद्ध असे, पण ते घरोघरी द्यायचं म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. दुपारच्या सभेत लोक हात वर करून केंद्राला टाळं लावणार होते. मग उरणार होता आठवड्याचा टँकर आणि हे बाबा.

"आई, घरी चला," त्यांना न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या.

"तू गप्प बस! तुझं ते मोरीचं पाणी मी मेले तरी पिणार नाही. हे बघ, कसं अमृत आहे!"

बाईंनी घोट घेतला. चव ओळखीची निघाली. केंद्रातून टेकडीवरच्या बागेच्या टाकीत महिनाभर पाणी कमी का पोचतंय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. बाजूला जाऊन त्या फोनवर काही पुटपुटल्या आणि फोन चालूच ठेवून खिशात टाकला.

मग त्यांनी खडकाला दरडावलं, "थांब!"

धार बारीक झाली, थेंबावर आली, आटली.

"ये आता!"

पाणी भसकन आलं.

"झरा... रुसतो कधीकधी," बाबा चाचरले. पण ऐकतंय कोण? अख्खी रांग बाईंच्या पायांवर कोसळली. सासूबाई सगळ्यांना ढकलत ओरडल्या, "सरका! सून माझी आहे!"

बाईंची चांगलीच पंचाईत झाली. "अहो, उठा! मी कसली देवी? केंद्रातला माणूस माझं ऐकून व्हॉल्व्ह फिरवतोय!" त्यांनी फोन उंच धरला.

"परत बंद करू का, मॅडम?" फोनमधून आवाज आला.

लोकांनी बाबांना उठवून गादी उचलली. गादीखाली, टाकीकडे जाणाऱ्या केंद्राच्या मोठ्या पाइपाला जोडलेली रबरी नळी गुपचूप खडकात शिरली होती.

"म्हणजे महिनाभर आम्ही..." कुणीतरी तोंडावर हात ठेवला.

"गटारबाईचंच पाणी प्यालात. कुणाचं पोट बिघडलं?" कुणाचंच नव्हतं. "दुखणंही कुणाचं पळालं नाही. पाणी तहान भागवतं, तेवढंच त्याचं काम. आणि बाबा म्हणतात म्हणून पिऊ नका, तसं मी म्हणते म्हणूनही पिऊ नका. सभेआधी केंद्रात या, तपासणी आपल्या डोळ्यांनी बघा, प्रश्न विचारा आणि मगच हात वर करा."

सासूबाईंनी हातातली बाटली खालून वरून न्याहाळली.

"मग एवढा चढ मी उगाच चढले?" त्या करवादल्या, उरलेलं पाणी गटागटा प्यायल्या आणि केंद्राच्या दिशेनं सगळ्यांच्या पुढे उतरू लागल्या.