खोटी अणुभट्टी आणि काठोकाठ भरलेले दोन कप

मी अणुभट्टी बोलतेय. थांबा, पळू नका. माझ्यात युरेनियमचा कणसुद्धा नाही. माझ्या पोटात आहेत विजेवर तापणाऱ्या कांड्या, तुमच्या इस्त्रीत असतात त्याच जातीच्या, फक्त जरा दांडग्या. मी खोटी आहे. खोटी म्हणजे लबाड नव्हे हं. भारी कापडाला कात्री लावण्याआधी शिंपी साध्या मांजरपाटाचा नमुना शिवून बघतो ना, तशी मी.

खरी आहे ती माझी धाकटी बहीण. तिला जायचं होतं दूर अवकाशात, जिथून सूर्य म्हणजे एवढासा ठिपका दिसतो आणि उन्हावर वीज करणारी सौर पॅनेलं हात टेकतात. तिथे यानाला वीज पुरवायची आणि त्याच विजेवर यान पुढे ढकलणारं इंजिन चालवायचं, एवढं सगळं तिच्या माथी होतं. पण खरी एकदा पेटली की तिच्या जवळ जायची सोय राहत नाही. म्हणून तिच्या वाटचे सगळे चटके आधी मला. थोरलीच्या नशिबी हेच असतं, घरोघरी विचारून बघा.

मला जोडणारा वेल्डर काम करताना शीळ घालायचा. चाल चुकली की तो थांबायचा, पण सांधा मात्र कधी चुकला नाही. मग मला एका प्रचंड लोखंडी पिंपात बसवून आतली सगळी हवा ओढून घेतली, अवकाशात असते तशी पोकळी करायला. बोटांचा तेलकटपणा तिथे चालत नाही, म्हणून माझ्या अंगाला जो हात लागला तो हातमोज्यातूनच. हवा नाही तर तुला ऐकू कसं येतं, असं विचाराल. अहो, चहाच्या वेळी सगळे माझ्या पिंपालाच टेकून गप्पा मारतात. न ऐकून सांगते कुणाला?

माझी माणसं दोन. एक बाई, या कामाच्या प्रमुख. दुसरे अण्णा, मला तापवणारे. अण्णांची उभी हयात वीजकेंद्रातल्या खुर्चीवर गेली होती आणि तरुणपणी बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. अण्णांचा धडा एकच: काटा हलला की हात हलला. त्या धड्यावर त्यांनी कितीतरी अपघात टाळले होते. मला ते इतक्या हळुवार तापवायचे की एकाही सांध्याला कधी तडा गेला नाही.

आणि नेमका तोच धडा माझ्या मुळावर उठला.

त्याचं असं झालं. खरी भट्टी तापली की फुगते, फुगली की तिला पेटती ठेवणारे न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि तिची धग आपोआप मंदावते. माझ्या कांड्यांना संगणक तसंच वागायला लावतो. मी किती तापले ते बघून, खरी जेवढी धगधगली असती तेवढीच वीज मला देतो. परीक्षा होती ती याचीच. माझी उष्णता खाऊन वीज करणारी निम्मी इंजिनं अचानक बंद करायची, मी तापणार, मग माझी मीच शांत व्हायचं. तोवर कुणी कशालाही हात लावायचा नाही. कारण तिकडून निरोप यायलाच तास लागतात. बहीण तिकडे तापली तर इथून धावणार कोण?

पहिल्या परीक्षेत काटा चढला आणि अण्णांच्या हाताने मुकाट्याने वीज कमी केली. अण्णांना ते कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी ते हात मांडीखाली दाबून बसले. काटा चढला, हात सुटला, बटण फिरलं.

सर्दी झालेल्या परीक्षकांनी नाक पुसत विचारलं, "भट्टी शांत झाली, की तुम्ही केलीत?"

तिसरी परीक्षा शेवटची, असं ते सांगून गेले. नाहीतर ही जागा दुसऱ्या कामाला, मी भंगारात आणि बहीण अर्धवटच राहणार. अण्णांना रजेवर पाठवा, असं कुणीतरी हळूच सुचवलं. अण्णा स्वतःच म्हणाले, "खुर्ची दुसऱ्याला दे गं. हे हात आता ऐकत नाहीत."

बाई म्हणाल्या, "तिला तुमच्यासारखं कोण तापवणार? हातांत खोट नाही अण्णा, हातांना काम हवंय."

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशीचं ते काम बघून परीक्षकांची सर्दीच पळाली असेल. अण्णांनी मला नेहमीसारखं अलगद तापवलं. मग बाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे दोन कप दिले, काठोकाठ भरलेले, बशीशिवाय. आणि निम्मी इंजिनं बंद केली.

मी तापू लागले. पिंपाच्या काचेच्या खिडकीतून मला अण्णा दिसत होते. काटा चढला तसा त्यांचा उजवा खांदा उचकला. चहा काठाशी आला, डुचमळला आणि परत खाली बसला. काटा आणखी चढला. खरं सांगते, मलाच वाटलं, लाव बाबा हात एकदाचा. अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

मग माझ्या कांड्या मंदावल्या. काटा थबकला, उतरला, ठरल्या जागी येऊन बसला. कुणीही काही केलं नव्हतं. थेंबभर चहाही सांडला नव्हता.

"निवली गं," अण्णा म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातातला एक कप घेतला आणि तो गार चहा दोघांनी मिळून प्यायला. मला इतका आनंद झाला की पुन्हा तापते की काय असं वाटलं.

बहीण गेली. खूप दूर पोचल्यावर एक दिवस तिची काही इंजिनं खरोखरच अडकली. बातमी इथे आली तसे सगळे पडद्यासमोर बसले, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले कप. वाटले होते अण्णांनीच. पडद्यावरचा काटा चढला, थबकला, उतरला. खरं तर हे सगळं तिकडे कधीच घडून गेलं होतं. माझी धाकटी एकटीच तापली होती आणि एकटीच निवली होती.

बहीण निघाली तेव्हाच मला पिंपाबाहेर काढून या पडद्याच्या खोलीबाहेर उभं केलं. माझं काम संपलं, म्हणून पोकळी नको आणि हातमोजेही नकोत. बहिणीचा काटा उतरला त्या दिवशी सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते तेव्हा अण्णा सावकाश माझ्याकडे आले. दोन्ही कप त्यांनी माझ्या पायथ्याशी ठेवले.

तुम्हीही इकडे आलात तर मला खुशाल खोटी म्हणा, पण थोरली म्हणून जरा टेकून जा. एवढी वर्षं मी तापले, पण माणसाच्या तळव्याची ऊब मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

"आता लावतो हात," अण्णा म्हणाले, आणि लावला.