सत्तावीस जणांची यादी

२००९ साल होतं आणि मंदीने भल्याभल्यांची झोप उडवली होती. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका जहाज कंपनीत चौघांचं काम आता एकटी सुनेत्रा ओढत होती. असं ओढलं की कुठेतरी ठेच लागतेच. तिला लागली ती एका छापील फॉर्मची.

कंपनीच्या मालवाहू जहाजाने भर समुद्रात एका बुडत्या होडीतून सत्तावीस व्हिएतनामी माणसं वाचवली होती. त्यांत नऊ मुलं होती. सगळे सरकारच्या धाकाने पळालेले. परत गेले तर तुरुंग ठरलेला. कॅप्टन राजनने लॉगबुकात सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि नावांची यादी ऑफिसला धाडली. जहाजावर जास्तीचं माणूस सापडलं की ऑफिसात एकच फॉर्म भरायचा, ‘स्टोअवे’चा, म्हणजे बंदरात चोरून चढलेल्यांचा. वर्षानुवर्षांची रीत. सुनेत्राने तोच भरला, सही ठोकली आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याच्या वकिलातीला पाठवून मोकळी झाली.

घोडं तिथेच अडलं. जवळच्या बंदराचं म्हणणं होतं, यांना कायमचा आसरा कोण देणार ते आधी लेखी द्या, मग उतरवा. ती हमी झेंड्याच्या देशाने द्यायची, पण त्याची अबुधाबीतली वकिलात पाच दिवस गोड बोलत राहिली. सहाव्या दिवशी तिथल्या सचिवाने फोनवर शांतपणे सांगितलं, “मॅडम, तुमच्याच कागदावर हे स्टोअवे आहेत. स्टोअवे जिथून चढले तिथे परत जातात.”

सुनेत्राला स्वतःची भयंकर लाज वाटली. दोन मिनिटं वाचून सही केली असती तर हे झालं नसतं. ती तडक राजाभाऊंच्या, म्हणजे जनरल मॅनेजरांच्या, केबिनमध्ये गेली.

“करेक्शनचं लेटर देऊ,” राजाभाऊ म्हणाले. “पण मिस्टेक कॅप्टनची दाखव. तो समुद्रावर आहे, त्याला कोण विचारतंय?”

“चोर सोडून संन्याशाला फाशी? आणि राजाभाऊ, कॅप्टन एकदा खोटा ठरला की त्याचं लॉगबुकही खोटं ठरतं. ही माणसं बुडत होती याला दुसरा साक्षीदार कोण आहे?”

“मग तुझं नाव जाईल. हेड ऑफिस सध्या माणसं काढायला निमित्तच शोधतंय. नोकरी गेली की व्हिसा खलास, महिन्याभरात देश सोडायचा. तुझ्या लेकीची, इराची शाळा आहे इथे. विचार कर.”

“केला,” सुनेत्रा म्हणाली. तसा काही तिने केला नव्हता. पण कधीकधी माणूस विचार करायला बसलं की त्याचे पाय मागे येतात, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी अल मजाज भागातल्या आपल्या घरी तिने पत्र टाइप केलं. बारा वर्षांची इरा मागून वाचत उभी होती.

“आई, आर यू इन ट्रबल?”

“हो,” सुनेत्रा म्हणाली. लेकीशी खोटं बोलायचा तिला कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी वकिलात उघडायच्या आधीच ती दारात हजर होती. सचिवाने पत्र दोनदा वाचलं. चूक माझी, फॉर्म मी भरला, कॅप्टनची नोंद खरी आहे, एवढंच त्यात होतं. मग सोबतची लॉगबुकाची प्रत त्याने बोट ठेवून वाचली.

“ठीक आहे. कुटुंबं घेता येतील,” तो म्हणाला. “एकोणीस जण. आठ एकटे पुरुष मात्र कठीण आहेत.”

“यादी सत्तावीसची आहे.”

“एकोणीस वाचतायत, मॅडम. हट्टापायी तेही घालवाल.”

“कॅप्टनने पाण्यातून ओढताना कोण एकटा आणि कोण कुटुंबातला ते पाहिलं नव्हतं. मीही पाहणार नाही. तुमच्या राजधानीला विचारा. मी बाहेर बसते.”

ती बसली. दुपारी जेवायच्या सुट्टीत शिपायाने उठायला सांगितलं तेव्हा पायऱ्यांवर जाऊन बसली. असरची, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची, अजान होऊन गेल्यावर सचिवाने स्वतः बाहेर येऊन शिक्क्याचा कागद दिला. त्यावर सत्तावीस नावं होती. तो म्हणाला, “तुमच्या कंपनीला तुमच्या पत्राची प्रत जाईल. तो नियम आहे.”

“जाऊ दे.”

तिसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं, तेव्हा राजाभाऊ तिच्या टेबलापाशी राजीनाम्याचा कागद घेऊन उभे होते. मान खाली घालून म्हणाले, “वरून आलंय. आत्ताच सही हवी म्हणतात.”

“सगळे उतरले की करते. तोवर ही खुर्ची माझी आहे.”

फोनवर राजन एकेक नाव उच्चारत होता आणि ती यादीवर खुणा करत होती. अठरा. एकोणीस. पुढे आवाज थांबला.

“राजन, क्या हुआ?”

“कुछ नहीं, मॅडम. अब वो आठ आदमी आ रहे हैं.”

विसावा उतरला, एकविसावा उतरला. राजाभाऊही नकळत बोटांवर मोजायला लागले होते. सत्तावीस झाल्यावर सुनेत्राने फोन ठेवला, कागद पुढे ओढला आणि सही केली.

आता परत पाठवणार होते ते फक्त तिला. आणि ती जिथे परत जाणार होती, तिथे तिला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं.