नियम आधीपासूनच आहेत

जाफराबादेत आमच्या गल्लीला अजून नाव नाही, पण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंधुभाव सभागृहाला वेबसाइट आहे. ती उघडली की गुलाब उमलतात, सनई वाजते आणि सगळ्यात खाली ‘नियम व अटी’ दिसतात. माझ्या भावाच्या, संघपालच्या मुलीचं, अक्षताचं लग्न ठरलं तेव्हा अटी तीनच होत्या. सभागृह वेळेत सोडावे, भिंतींना खिळे ठोकू नयेत, आणि तिसरी, सभागृह सर्वांसाठी खुले आहे. तिसरी वाचून मला भरून आलं. जन्मभर मास्तरकी केली, पण लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची खोड काही गेली नाही.

अक्षताला लग्न तिथंच हवं होतं. पाचवीत असताना त्याच व्यासपीठावर ती वक्तृत्वात पहिली आली होती, आणि ‘मोठी झाल्यावर इथंच लग्न करीन’ असं तिनं तेव्हाच जाहीर केलं होतं. म्हणून मी संस्थेचे अध्यक्ष शरदचंद्रराव यांच्याकडे गेले. आमची मे महिन्यातली तारीख मोकळी होती. त्यांनी चहा मागवला आणि आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, आणि आडनाव कळलं की आमची वेगळी कुंडली मांडायची गरज पडत नाही.

“बाई, जरा कमिटीला विचारून सांगतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर चौथी अट उगवली. सभागृह फक्त तालुक्यातील मूळ रहिवाशांनाच मिळेल. आम्ही पणज्यापासून इथले. अध्यक्षांचे वडील मात्र कुंभार पिंपळगावहून, म्हणजे घनसावंगी तालुक्यातून आलेले. हे मी फोन करून त्यांच्या कानावर घातलं. संध्याकाळपर्यंत ‘तालुक्यातील’चं ‘जिल्ह्यातील’ झालं.

“ही अट परवा नव्हती,” मी पुन्हा फोन करून म्हणाले.

“नियम आधीपासूनच आहेत, बाई. तुमच्या नजरेतून सुटलं असेल.”

अक्षता जालन्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मी दिवसातून दहादा ते पान उघडते म्हटल्यावर ती हसली. “आत्या, कशाला डोळे फोडून राह्यली? मी पहारा बसवते त्याच्यावर.” तिनं काय केलं मला कळलं नाही, पण त्या पानावर एक काना जरी बदलला तरी मला मेल येऊ लागला. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. त्या उन्हाळ्यात गावातल्या लिंबांना फुटली नाही एवढी हिरवी पालवी त्या पानाला फुटली.

पाचवी अट, मांसाहारास सक्त मनाई. आमच्या जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती, तसं कळवलं. सहावी, डीजेला मनाई. आमच्याकडे डीजे नव्हताच, तेही कळवलं. मग सातवी आली. विवाहात मंगलाष्टका म्हणणे बंधनकारक.

संघपालनं चष्मा काढून ठेवला. “संपलं मंग.”

“उलट आत्ता जमलं,” मी म्हणाले आणि चप्पल घातली.

शरदचंद्ररावांनी पुन्हा चहा मागवला. पाहुणचारात माणूस कधी कमी पडला नाही.

“आमच्याही लग्नात आठ मंगल गाथा म्हणतात,” मी सांगितलं. “पालीत आहेत. मंगल आहेत आणि बराबर आठ आहेत. मोजून घ्या पाहिजे तर.”

त्यांनी ‘मंगल’ आणि ‘अष्टक’ हे दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. एवढा भाषेचा अभ्यास त्यांनी कॉलेजातही केला नसेल.

“गैरसमज नको, बाई. आमच्याकडे जातपात बिलकुल नाही. फक्त नियम आहेत.”

“मग मी नियमात बसते की.”

“बसता,” ते म्हणाले. नाइलाजानं म्हणाले, पण म्हणाले.

मी घरापर्यंत लग्नाच्या वरातीसारखी चालत आले. उंबऱ्यातच अक्षता माझा फोन घेऊन उभी होती. हिरवी ओळ ताजी होती. मंगलाष्टका संस्थेने नेमलेल्या गुरुजींनीच म्हणाव्यात.

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कसली, तर जिंकल्याच्या तोऱ्यात रस्ताभर चालल्याची. मी म्हटलं, सगळे मेल घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ, कोर्टात जाऊ.

“कज्जा लढत बसलो तर लग्न कधी लावायचं?” संघपाल म्हणाला.

अक्षतानं फोन ठेवून दिला. “मला तिथं लग्न करायचं होतं, आत्या. भीक न्हाई मागायची. राहू दे आता.”

मग शाळेच्या मैदानात मांडव पडला. मे महिन्याच्या उन्हात पत्रावळी तापत होत्या आणि नवरदेवाच्या फेट्याचा रंग कपाळावर उतरत होता. अक्षता हसत होती, फोटोत तरी. शरदचंद्रराव सहकुटुंब आले. पाकीट दिलं, आशीर्वाद दिला, तूप मागून मागून बट्ट्या खाल्ल्या. निघताना मला म्हणाले, “मोकळ्या हवेत किती प्रसन्न वाटतं, नाही का? हॉलमध्ये ही मजा नाही.” मी त्यांना पान दिलं. पाहुणचारात आम्हीही कमी पडत नाही.

मांडवपरतणीला अक्षता माहेरी आली त्याच दिवशी मेल आला. या वेळी हिरवं काहीच नव्हतं, सगळं लालच. मूळ रहिवासी गेले, मांसाहार गेला, डीजे गेला, मंगलाष्टका गुरुजींसकट गेल्या. मागे उरल्या त्या पहिल्या तीन अटी. सभागृह पुन्हा सर्वांसाठी खुले झाले होते.

मी फोन अक्षतासमोर धरला. तिनं ते सगळं सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं रडेल.

“हा पहारा काढून टाक आता,” मी म्हणाले. “काम झालं त्याचं.”

“राहू दे, आत्या,” ती म्हणाली. “बुद्धभूषण लग्नाचा व्हायचाय अजून.”

बुद्धभूषण तिचा धाकटा भाऊ. तो यंदा पाचवीत आहे.