मागची काच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. पेणला गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या महिपतींच्या पडवीत माझं आयुष्य गेलं. त्यांचा शेवटचा साधा दिवस मला नीट आठवतो. श्रावण होता. सकाळी त्यांनी करवंटीच्या पळीने माझ्यात विहिरीचं पाणी घातलं. हात पाण्याला लागू दिला नाही.

शेजारची हौसा कुंपणापाशी थांबली. "काय ओ भाऊ, लोक मासं पालतात, तुमी बेंडकांची बालवाडी काढली हाय!"

"तुझं नाव घालू का? डराव डराव चांगलं करतेस."

दुसऱ्या दिवशी, कारखान्यात मूर्तीचे डोळे आखताना, ते बसल्या जागी गेले.

मला त्यांनीच जोडलं होतं, १९७१ साली, मोडीतल्या कपाटाच्या काचांतून. सांधे डांबराने बुजवले. मुलगी मैना तेव्हा दहा वर्षांची होती. मागची काच कधीही घासायची नाही, असा घरचा नियम होता. ओढ्यातले बुळबुळीत दगड तळाशी ठेवायचे, सकाळचं ऊन लागेल असं मला वळवायचं आणि थांबायचं. पंधरा दिवसांत काच हिरवी होई. बेडूकमासे बारीक तोंडांनी ते शेवाळ खरवडत. पाय फुटले की कौलाच्या तुकड्यावर चढून बसत. मग महिपती त्यांना भाताच्या खाचरात सोडत. कारखान्यातली माणसं मला मुद्दाम बघायला येत. मला त्याचा अभिमान वाटे.

मैना लग्न होऊन रोह्याला गेली. त्या वर्षी सासरची माणसं मूर्ती न्यायला प्रथमच येणार होती. मैना आदल्या दिवशी आली आणि घर घासू लागली. पाहुण्यांसमोर हिरवी काच तिला नकोशी झाली. बेडूकमासे बादलीत काढून तिने मला धुण्याच्या सोड्याने लख्ख केलं, एकदाच विसळलं आणि त्यांना परत आत सोडलं. सकाळी पाहुणे आले तेव्हा सगळे उलटे तरंगत होते.

"काचेला काय लावलंस गो?" महिपतींनी विचारलं.

सासूबाई पाहत होत्या. "नुसतं पाणी, बाबा," मैना म्हणाली.

महिपतींनी आपले हात उजेडात धरले. नखांत पिवळा रंग होता. "मग माझाच रंग उतरला असेल."

त्यानंतर दोन वर्षं मी अडगळीत कोरडी पडून होते. पुन्हा बाहेर काढलं, तेव्हा करवंटीची पळी आली. अकरा पावसाळे त्यांनी माझ्या पाण्याला बोट लावलं नाही. मैना दर वर्षी येई, ते पाही आणि गप्प राही. मला बोलता आलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मित्रांनो, ज्याला तुम्ही घाण समजता, ते कुणाचं जेवण असू शकतं. हात लावण्याआधी विचारा. आणि चुकलात, तर माणूस समोर असताना सांगा.

तेराव्यानंतर मैना माझ्यापाशी बसली. आत अजून बेडूकमासे होते, काहींना मागचे पाय फुटले होते.

"टाक गो ओतून," हौसा म्हणाली. "आता कोण बघनार त्यांच्याकडं?"

"मी राहते चार दिवस. पाय फुटू देत."

हौसा गेली. मैना महिपतींच्या रिकाम्या पाटाकडे वळली. मग ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमचा रंग नव्हता. मी सोडा लावला होता."